विम्याच्या फॉर्मवरची ‘नाही’ची रांग

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

कापसाचा चुकारा हाती आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दोन माणसं हमखास दारात येतात. एक उधारीची आठवण करून देणारा कृषी केंद्रवाला आणि दुसरा विम्याचा एजंट. पहिल्याला ‘घरी नाहीत’ असा निरोप जातो. दुसऱ्याला चहा मिळतो, कारण तो बहुधा नात्यातलाच कुणी असतो. ओट्यावर सतरंजी पडते, बॅगेतून फॉर्म निघतो. नाव, वय, जमीन किती, वारस म्हणून कुणाचं नाव टाकायचं, एवढं विचारून होतं. मग येतं प्रकृतीविषयीच्या प्रश्नांचं पान. इथे एजंट काही विचारत नाही. त्याचं पेन वरून खाली सरसर उतरतं: नाही, नाही, नाही, नाही. शेवटी ‘आपली प्रकृती सर्वसाधारणपणे कशी असते?’ असा प्रश्न असतो. त्यापुढे तो ‘उत्तम’ लिहितो. ‘भाऊ, इथं सही करा.’ झाला विमा.

मी तालुक्याच्या गावी पस्तीस वर्षं डॉक्टरकी केली. त्यातली काही वर्षं विमा कंपनीच्या पॅनेलवरही होतो. म्हणजे विमा उतरवणाऱ्याचं वजन, उंची, छातीचं माप, रक्तदाब पाहायचा, लघवी तपासायची आणि अहवाल द्यायचा. मी वकील नाही. पण त्या ‘नाही’च्या रांगेचं पुढे काय होतं हे मला पाहावं लागलं, कारण माणूस गेल्यावर कंपनीचा दुसरा कागद डॉक्टरकडेच येतो.

आधी ते प्रश्न काय असतात ते पाहू. गेल्या पाच वर्षांत एक आठवड्याहून जास्त उपचार लागतील असा आजार झाला होता का? कधी दवाखान्यात भरती झाला होता का? प्रकृतीच्या कारणानं कामावर गैरहजर राहिलात का? हृदय, फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांचा काही विकार? मधुमेह, क्षय, रक्तदाब, कर्करोग, मिरगी, हर्निया, अंडवृद्धी, कुष्ठरोग? दारू, किंवा तंबाखू कोणत्याही स्वरूपात? शब्दांत थोडाफार फरक असेल, पण जवळपास प्रत्येक कंपनीच्या फॉर्मवर हे असतंच. ‘झाला होता का’ या शब्दांकडे लक्ष द्या. सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन क्षय पूर्ण बरा झाला, तरी उत्तर ‘होय’ असंच आहे. सिकलसेलचा रुग्ण, मग त्याला गेली तीन वर्षं एकदाही दुखलं नसेल, त्याचंही उत्तर ‘होय’.

आणि तंबाखू! आपल्याकडे खर्रा खाणाऱ्याला आपण तंबाखू खातो असं वाटतच नाही. त्याच्या मते तंबाखू खाणारा म्हणजे डबी बाळगणारा. खर्रा ही त्याच्या लेखी सुपारी असते. मी रुग्णाला विचारायचो, ‘तंबाखू?’ तो खिशातली प्लास्टिकची पुडी सावरत म्हणायचा, ‘नाही जी.’ खोटं बोलायचा त्याचा हेतू नसे. पण फॉर्मवरचे शब्द ‘कोणत्याही स्वरूपात’ असे असतात आणि खर्ऱ्यात तंबाखू असते.

२००३ सालची गोष्ट. घाटंजीकडच्या एका खेड्यातली बाई माझ्या दवाखान्यात आली. वय तिशीच्या आतबाहेर. नवरा महिनाभरापूर्वी शेतात छातीत कळ येऊन गेला होता. विमा एक लाखाचा, काढून चौदा महिने झालेले. तिच्या हातात कंपनीचा एक फॉर्म होता. शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरानं तो भरून द्यायचा असतो. मृत्यूचं कारण काय, हा विकार केव्हापासून होता, आधी कोणते आजार होते, कुणी आणि केव्हा उपचार केले, असे प्रश्न त्यात असतात. तिचा नवरा विमा काढण्यापूर्वी पावणेदोन वर्षं माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या घेत होता. माझ्या रजिस्टरात दर महिन्याची नोंद होती.

ती म्हणाली, ‘डाक्टरसाहेब, त्या गोयायचं नोका लिहू न जी. लेकरं लहान हायेत.’

मी विचारलं, एजंटला सांगितलं नव्हतं का? ती म्हणाली, ‘त्यायनं सांगतलं होतं जी माह्यासमोर. एजंट म्हणे, त्यानं काही होत नाही, सई कर.’ एजंट कोण, तर तिचाच चुलत भाचेजावई.

मी खरं ते लिहिलं. दुसरं काही लिहिणं मला शक्य नव्हतं, कारण कंपनीचा तपासनीस आला असता तर त्याला रजिस्टर दिसलंच असतं. क्लेम नामंजूर झाला. भरलेले हप्तेही बुडाले, कारण त्या वेळच्या अटींत तसंच होतं. एजंटला पहिल्या वर्षाचं कमिशन मिळालं होतं, तेच सगळ्यांत मोठं असतं. तो त्या घरी पुन्हा चहाला गेला की नाही ते मला माहीत नाही.

आता कंपनीला एवढा अधिकार कशासाठी, असं कुणीही विचारेल. बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो. फसलो तर आपली चूक. विम्यात तसं नाही. इथे विकत घेणाऱ्यालाच स्वतःची सगळी माहिती असते आणि विकणारा आंधळा असतो. लहान रकमेचे बरेच विमे तर वैद्यकीय तपासणीशिवायच दिले जातात, म्हणजे कंपनीच्या हाती त्या एका फॉर्मखेरीज काही नसतं. आणि तपासणी झाली तरी माझ्यासारख्या डॉक्टरला पंधरा मिनिटांत काय दिसणार? गोळी घेऊन आलेल्या माणसाचा रक्तदाब त्या दिवशी नॉर्मलच लागतो. म्हणून विम्याच्या करारात ‘परम सद्भावना’ हवी, असं कायदा मानतो. न विचारता सांगण्यासारखं असेल तेही सांगावं. हे तत्त्व इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशानं १७६६ साली मांडलं. सुमात्रा बेटावरच्या एका इंग्रजी किल्ल्याच्या गव्हर्नरनं किल्ला शत्रूच्या हाती जाईल म्हणून लंडनमध्ये विमा काढला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला. किल्ला कमकुवत आहे हे लपवलं, असं विमा देणारा म्हणाला. गंमत अशी की त्या खटल्यात हरला तो विमा देणारा. जे तुला ठाऊक होतं किंवा चौकशी केली असती तर कळलं असतं, त्याबद्दल आता ओरडू नकोस, असं न्यायाधीशांनी त्याला सुनावलं. तत्त्वाची ही दुसरी बाजू आपल्याकडच्या कंपन्यांना फारशी आठवत नाही.

आपल्याकडे विम्याचा कायदा १९३८ चा. त्याआधी कंपन्या फॉर्मवरच्या बारीकसारीक चुकीवर बोट ठेवून, वर्षानुवर्षं हप्ते घेतल्यानंतरही हात झटकत. त्याला आळा घालण्यासाठी कलम ४५ आलं. विमा काढून दोन वर्षं उलटली की निव्वळ चुकीच्या माहितीवरून तो नाकारता येणार नाही. महत्त्वाची गोष्ट फसवणुकीच्या हेतूनं आणि जाणूनबुजून लपवली, हे कंपनीनं दाखवलं पाहिजे, असं ते कलम होतं. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, तीही नभोवाणीवरूनच. अडीचशेच्या आसपास लहानमोठ्या संस्था एकत्र झाल्या आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. २००० सालापासून खासगी कंपन्या परत आल्या. कलम ४५ मात्र सगळ्यांना तेच.

या कलमावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा निकाल आजही वाचला जातो. प्रकरण जबलपूरचं, विमा १९४५ चा, म्हणजे जबलपूर आणि आपलं यवतमाळ एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं तेव्हाचं. विमेदार १९४६ साली वारला. विमा काढण्याआधी त्यानं रक्तक्षय, पायावर सूज, धाप अशा तक्रारींसाठी एका डॉक्टरकडे उपचार घेतले होते आणि फॉर्मवर त्याचा उल्लेख नव्हता. कंपनीनं दोन वर्षं उलटल्यावर नकार दिला. न्यायालयानं तीन कसोट्या सांगितल्या: लपवलेली गोष्ट महत्त्वाची हवी, लपवण्यामागे फसवणूक हवी, आणि आपण लपवतो आहोत हे विमेदाराला त्या वेळी ठाऊक हवं. तिन्ही कसोट्या भरल्या आणि दावा बुडाला. पुढे २००० साली याच न्यायालयानं, स्वतः दिलेली पॉलिसी नाकारताना महामंडळानं अतिशय काळजी घ्यावी, यांत्रिकपणे नकार देऊ नये, असंही बजावलं.

कोणतीही लपवलेली गोष्ट पुरते असं मात्र नाही. २०१५ मध्ये एका मराठी कुटुंबाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नवरा हृदयविकारानं गेला होता. कंपनीचं म्हणणं, त्याला कमरेच्या मणक्याचा विकार होता, पायात कळा जात होत्या, ते त्यानं सांगितलं नाही. न्यायालय म्हणालं, हा विकार जिवावर बेतणारा नव्हता आणि मृत्यूशी त्याचा संबंधही नव्हता. पत्नीच्या बाजूनं निकाल लागला. यावरून ‘मृत्यूशी संबंध नसेल तर लपवलं तरी चालतं’ असा अर्थ काही जण काढतात. मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं एका प्रकरणात क्लेम नाकारणं योग्य ठरवलं, कारण आधी काढलेल्या दुसऱ्या कंपनीच्या विम्याची माहिती दिली नव्हती. ती तर प्रकृतीची बाबही नव्हती. कोऱ्या किंवा न वाचलेल्या फॉर्मवर सही केली, ही सबबही तिथे चालली नाही.

आता २०१५ च्या दुरुस्तीविषयी. ती प्रत्येक घरात माहीत असायला हवी, पण मी विचारलेल्या दहा विमेदारांपैकी एकालाही ठाऊक नव्हती. दोन वर्षांची मुदत आता तीन वर्षं झाली. पण तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणावरून पॉलिसीला आव्हान देता येत नाही, फसवणुकीच्या कारणावरूनही नाही. वयाचा पुरावा तेवढा ती केव्हाही मागू शकते. तीन वर्षांच्या आत नाकारायचं असेल तर कारण आणि त्याचा आधार वारसांना लेखी कळवावा लागतो. फसवणूक नसेल, नुसती महत्त्वाची माहिती चुकीची असेल, तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत द्यावे लागतात. आणि ती माहिती खरी कळली असती तर विमा दिलाच नसता, हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. थोडा जास्त हप्ता लावून दिला असता, एवढ्यानं भागू नये, असा वाद वारसांना इथे घालता येतो. उलट फसवणुकीचा आरोप असेल आणि विमेदार हयात नसेल, तर तो आरोप खोडण्याचं ओझं वारसांवर येतं. गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं हे त्याच्या बायकोनं सिद्ध करायचं! हा भाग मला अजूनही पटलेला नाही.

याच दुरुस्तीत एक छोटं स्पष्टीकरण आहे. विम्यासाठी गळ घालणारा आणि बोलणी करणारा माणूस हा करार होण्यापुरता कंपनीचा प्रतिनिधी मानला जाईल. आणि कंपनीला ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल फसवणुकीचा आरोप करता येत नाही. घाटंजीकडच्या त्या बाईचा नवरा एजंटला गोळ्यांचं बोलला होता. २००३ ऐवजी आज तसं घडलं असतं तर तिला निदान भांडायला जागा होती. अर्थात तो बोलला होता हे कशावरून, हा प्रश्न उरलाच असता.

डॉक्टरांच्या कागदांचाही यात मोठा वाटा आहे. मोठ्या दवाखान्यात रात्री दोन वाजता माणूस बेशुद्ध येतो. शिकाऊ डॉक्टर सोबतच्याला विचारतो, ‘बीपी, शुगर?’ सोबतचा पुतण्या म्हणतो, ‘असेल चार-पाच वर्षांपासून.’ केसपेपरवर ओळ पडते: पाच वर्षांपासून रक्तदाब. माणूस जातो आणि ती ओळ उरते. कंपनी तिच्यावर बोट ठेवते. अशा ऐकीव ओळीला आधीच्या उपचाराचे कागद किंवा डॉक्टरचं प्रतिज्ञापत्र यांची जोड नसेल, तर तो पुरेसा पुरावा नव्हे, असं ग्राहक आयोगांनी अनेकदा म्हटलं आहे. पण तिथवर पोचायला वारसांनी आधी आयोगात जायला हवं ना.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. सांगायला बरं वाटत नाही. दारव्ह्याकडे एक जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. बहिणीच्या लग्नाला रजा हवी, शिल्लक रजा नाही. आले माझ्याकडे. मी सर्टिफिकेट दिलं: ‘कावीळ, एकवीस दिवस विश्रांती.’ आमच्या धंद्यात असे कागद किती निघतात ते सांगायला नको. पुढे वर्षभरानं त्यांनी विमा काढला आणि फॉर्मवर यकृताच्या आजारापुढे ‘नाही’ लिहिलं, जे खरंच होतं. त्यानंतर दीड वर्षात गुरुजी मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. कंपनीचा तपासनीस शाळेच्या रजेच्या फाइलीपर्यंत पोचला आणि माझं सर्टिफिकेट घेऊन माझ्याकडे आला. ‘डॉक्टर, यांना कावीळ होती, तुम्हीच लिहिलंय. मग फॉर्मवर नाही कसं?’

एक तर गुरुजींचा फॉर्म खोटा होता, नाहीतर माझं सर्टिफिकेट. गुरुजींच्या पत्नीचे वकील माझ्याकडे आले तेव्हा मी दोन दिवस मागून घेतले. खोटं सर्टिफिकेट दिल्याचं कबूल करणं म्हणजे स्वतःच्या नोंदणीवर गदा आणणं. शेवटी मी प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात एवढंच लिहिलं, की त्या महिन्याच्या माझ्या रजिस्टरात या रुग्णाच्या कावीळ-उपचाराची नोंद नाही, रक्ततपासणी झालेली नाही, औषध दिलेलं नाही. वकील कागद वाचून माझ्याकडे पाहून हसले. मला हसू आलं नाही. मंचानं बाईंना रक्कम देवविली. त्या वर्षापासून मी लग्नाच्या रजेसाठी आजारपण लिहून देणं बंद केलं, आणि गावातल्या बऱ्याच गुरुजींनी माझ्याकडे येणं बंद केलं. नोकरदारांनी एक समजून घ्यावं. तुमच्या रजेच्या फाइलीत झोपलेले ते टायफॉइड आणि कावीळ विम्याच्या तपासात जागे होतात.

शेतकऱ्यांसाठी खरा खड्डा दुसरीकडे आहे. ज्या वर्षी बोंडअळी पडते किंवा पाऊस दगा देतो, त्या वर्षी हप्ता चुकतो. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, ती उलटली की पॉलिसी बंद पडते. पुढच्या हंगामात पैसे आले की आपण व्याजासह हप्ता भरून ती चालू करून घेतो आणि एजंट आणखी एक छोटा कागद पुढे करतो. तो असतो ‘माझी प्रकृती चांगली आहे’ या घोषणेचा. लोकांना वाटतं ही पावती आहे. पण मधल्या काळात साखर निघाली असेल आणि तिथे सही केली, तर तीही चुकीची माहितीच. शिवाय आताच्या कायद्यात तीन वर्षांची मोजणी अशा पुनरुज्जीवनापासून नव्यानं सुरू होते. दहा वर्षं जुनी पॉलिसी एका चुकलेल्या हप्त्यामुळे पुन्हा कोवळी होते. म्हणून सोनं गहाण टाकावं लागलं तरी हप्ता मुदतीत भरावा, असं मी माझ्या रुग्णांना सांगायचो. अर्थात त्यांच्यापैकी पुष्कळांचं सोनं आधीच गहाण असे.

‘खरं सांगितलं तर विमा मिळणारच नाही’, ही भीती सगळ्यांनाच असते. ती अर्धीच खरी आहे. ताब्यात असलेला रक्तदाब किंवा साखर सांगितली तर बहुतेक वेळा कंपनी तपासण्या करायला लावते आणि जादा हप्ता घेऊन विमा देते. काही आजारांत विमा पुढे ढकलते, काहींत नाकारते. पॅनेलवर असताना मी ‘होय’ लिहिलेले कितीतरी फॉर्म मंजूर होऊन आलेले पाहिले. आणि सांगितलेल्या आजाराकडे काणाडोळा करून कंपनीनं विमा दिला, तर नंतर त्याच आजाराचं कारण तिला पुढे करता येत नाही. एका मधुमेही माणसाच्या प्रवासातल्या आरोग्यविम्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये असंच म्हटलं आहे.

क्लेम नाकारल्याचं पत्र आलंच, तर ते चुलीमागे खोचून ठेवू नका. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी दाद मागायची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपला जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज पोचला पाहिजे आणि तेच प्रकरण दुसऱ्या न्यायालयात चालू नसावं. दुसरा मार्ग यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे मुदत दोन वर्षांची. घाटंजीच्या त्या बाईला मी २००३ साली यातलं काहीही सांगितलं नाही, कारण मला स्वतःलाच तेव्हा एवढं ठाऊक नव्हतं.

आणि पॉलिसी घरी आली की तिच्यासोबत तुमच्या फॉर्मची नक्कल असते, ती उघडून पाहा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. पॉलिसी पटली नाही तर २०२४ च्या नियमांप्रमाणे ती मिळाल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. आणि ‘नाही’च्या रांगेत एखादं ‘होय’ असायला हवं होतं असं दिसलं, तर त्याच दिवसांत कंपनीच्या शाखेला साध्या कागदावर तसं लिहून कळवा. आपल्याकडच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती प्रत पॉलिसीला टाचणीनं लावून ठेवा. एजंटच्या हाती देऊ नका, मग तो भाचेजावई असला तरी.